यादी देतो ताई, पण आधी बाटली फिरवून मागचं लेबल वाचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. मुलगा अडीच वर्षांचा, अंगणवाडीच्या काट्यावर ११ किलो. तीन दिवस सर्दी, खोकला, ताप. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन टोचलं आणि दोन बाटल्या दिल्या, एक तापाची, एक सर्दीची, दोन्ही 'एक-एक चमचा तीनदा'. रात्री ताप उतरेना म्हणून सासूबाईंनी घरातली तापाची अर्धी गोळी कुस्करून गुळाच्या पाण्यातून पाजली. दुसऱ्या दिवशी पोरगं दुपारपर्यंत डोळे उघडेना. आता खेळतंय. आणि तुम्ही म्हणता, 'लहान मुलांना कोणती औषधं देऊच नयेत त्याची यादी द्या, कागदावर लिहून फडताळाला चिकटवते.'

मी डॉक्टर नाही. औषधनिर्माण अधिकारी आहे, गावात लोक कंपाउंडर म्हणतात. चोवीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यात, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग ग्रामीण रुग्णालयात औषधाच्या खिडकीआड बसलो आहे. आजार ओळखणं माझं काम नाही. बाटलीत काय आहे आणि लेकराच्या पोटात किती जातंय, एवढ्यापुरतं मी खात्रीनं बोलू शकतो.

तुम्ही तिन्हींचं लेबल उतरवून पाठवलंत हे फार बरं केलंत, त्यामुळे हिशेब करता आला. तापाची बाटली: दर ५ मिलीत पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम. सर्दीची बाटली: दर ५ मिलीत पॅरासिटामॉल १२५, फेनिलेफ्रिन ५ आणि क्लोरफेनिरामाइन १ मिलिग्रॅम. गोळी: निमेसुलाइड १०० आणि पॅरासिटामॉल ३२५.

आता बघा. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम द्यायचं असतं. ११ किलोला जास्तीत जास्त १६५. तुमच्या बाटलीचं ते झालं साधारण ३ मिली, पूर्ण चमचा नाही. तुम्ही ५ मिली दिलं, म्हणजे २५०. सर्दीच्या बाटलीतून आणखी १२५. झाले ३७५. त्या रात्री अर्ध्या गोळीतून आणखी १६२. एकाच रात्री एकाच वेळी सव्वापाचशेच्या वर, म्हणजे हवं त्याच्या तिपटीहून जास्त. गोळी सोडली तरी दिवसाला तीनदा ३७५ म्हणजे ११२५, आणि त्याच्या वजनाला मी दिवसभरात ६६० च्या पुढे जाऊ देत नाही. तीन वेगवेगळी औषधं दिली असं घरात प्रत्येकाला वाटत होतं. खरं तर सगळ्यांनी मिळून एकच औषध तीनदा दिलं.

म्हणून पुढचं वाचण्याआधी एक काम करा. असं तीन दिवस चाललं असेल तर मुलगा खेळतोय म्हणून थांबू नका. आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि हा हिशेब कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. जास्तीच्या पॅरासिटामॉलचा मार यकृताला बसतो आणि तो लगेच दिसत नाही, पहिल्या दिवशी लेकरू चांगलंच दिसतं. रक्त तपासायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे, लघवी कमी, यातलं काही दिसलं तर ओपीडीची वेळ बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

आता यादी. नुसती यादी फडताळाला लावून का भागत नाही, ते या हिशेबात आलंच. पॅरासिटामॉल कुठल्याच 'देऊ नये' यादीत नाही. लहान मुलांसाठी तापावरचं तेच सगळ्यात सुरक्षित औषध, मी माझ्या नातीलाही तेच देतो. घोटाळा औषधाच्या नावात नव्हता, मापात आणि दुबार देण्यात होता. माझ्या खिडकीवर जेवढे घोटाळे पाहिले त्यातले बहुतेक असेच. तरी काही औषधं खरंच वयाप्रमाणे वर्ज्य आहेत, ती सांगतो, पण प्रत्येकाचं कारणही सांगतो. कारण कळलं की नाव बदलून आलेली बाटलीही ओळखता येते.

तुमच्या सासूबाईंच्या गोळीपासूनच सुरू करू. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, कारण यकृतावर होणारा परिणाम. मुलांचं सिरप गेलं, पण मोठ्यांची गोळी घराघरात आहे. कापूस वेचून आल्यावर कंबर धरली की हीच गोळी. मग पोराला ताप आला की तिचीच अर्धी. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांनी घरात होतं ते मायेनं दिलं. फक्त ती पट्टी आता वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर 'मोठ्यांचं' असं लिहा.

दुसरी तुमची सर्दीची बाटली. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचं हे जोडऔषध चार वर्षांखालच्या मुलांना वापरू नये, अशी सूचना लेबलवर छापा असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलं होतं. एका घटकानं गुंगी येते, दुसऱ्यानं छातीची धडधड वाढते, आणि सर्दी तिच्या वेळेलाच जाते. तुमचा मुलगा दुपारपर्यंत झोपला त्यात या बाटलीचा हात असणार असं मला वाटतं, पण टोचलेल्या इंजेक्शनात काय होतं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून खात्रीनं म्हणत नाही.

या बाटलीवर थोडा जास्त थांबतो, कारण प्रकरण आपल्या शेजारचं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची वीसहून जास्त लेकरं एका खोकल्याच्या सिरपनं गेली. त्यातली कितीतरी शेवटच्या दिवसांत नागपूरच्या दवाखान्यांत होती. त्या सिरपमध्ये लेबलवर लिहिलेली औषधं हीच तीन, पण द्रावणात डायइथिलीन ग्लायकोल सापडलं, ४८.६ टक्के. चालतं ते ०.१ टक्क्यापर्यंत. हे रसायन कारखान्यातलं, चवीला गोड, मूत्रपिंड बंद पाडणारं. मुंबईत १९८६ मध्ये जे.जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं माणसं दगावली होती, तेव्हाही हेच. असली भेसळ तुम्हाला-मला डोळ्यांनी ओळखता येत नाही, चवीनं नाही, वासानं नाही. आपल्या हातात एकच गोष्ट आहे, नको असलेली बाटली उघडायचीच नाही. त्या घटनेनंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं जे सांगितलं तेच मी खिडकीवर सांगतो: दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीचं औषध नाही, आणि पाच वर्षांखालीही सहसा नाही. आणि कुठलंही सिरप सुरू असताना लेकरानं सहा-आठ तास लघवी केली नाही तर बाटली सोबत घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात.

'मग खोकल्यावर द्यायचं काय?' हा प्रश्न मला दिवसातून दहादा येतो. कोमट पाणी, वरणाचं पाणी, आईचं दूध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध. वर्षाच्या आत मध नाही, चाटणात नाही, गुटीत नाही. मधातल्या जंतूंच्या बीजांनी तान्ह्या बाळाला लुळेपणा येऊ शकतो. छातीला खोबरेल तेलात कापूर चोळण्याची आपल्याकडे जुनी सवय. दोन वर्षांखाली ती सोडा, आणि कापराची वडी हाताला लागेल अशी देवघरात ठेवू नका. लहानगा तुकडाही गिळला तर झटके येतात. श्वास जोरात चालत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पिणं बंद झालं असेल, तर हे घरगुती काहीच नको, दवाखाना.

उलटीच्या औषधाची एक आठवण सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आसपासची गोष्ट. रात्री साडेनऊला बैलगाडीतून नऊ-दहा वर्षांची मुलगी आणली. मान एका बाजूला वळलेली, डोळे वर गेलेले, जीभ बाहेर, आणि शुद्ध मात्र पूर्ण. आईनं हाक मारली की रडायची. कपाळाला अंगारा होता, गळ्यात लिंबू. दुपारपासून भगताकडे बसवली होती, 'बाहेरचं लागलं' म्हणून. आजी म्हणाली, 'सकाळी चांगली होती भाऊ, फक्त ओकाऱ्या होत होत्या.' मी बापाला विचारलं, ओकारीवर काय दिलं? त्यानं खिशातून चुरगळलेली पट्टी काढली. मेटोक्लोप्रामाइड, मोठ्यांच्या गोळ्या, दोन दिल्या होत्या. डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासाच्या आत मान सरळ झाली. आजी मला म्हणाली, 'तुमचा भगत लय पावरफुल हाय बाप्पा.' आम्ही हसलो, पण त्या पोरीचे नऊ-दहा तास कसे गेले असतील ते आठवलं की अजून कसंतरी होतं. हे औषध मुलांमध्ये असे आचके आणतं, मोठ्यांपेक्षा कितीतरी सहज. उलटीवरच्या गुंगीच्या प्रोमेथाझिनचंही तसंच, दोन वर्षांखाली ते अजिबात नाही, त्यानं श्वास मंदावतो.

जुलाब थांबवणारी गोळी, लोपेरामाइड, लहान मुलांना नाही. ती आतडं बांधून टाकते, रोग आतच राहतो, पोट फुगतं. जुलाबावर ओआरएस आणि झिंक, आशाताईंकडे दोन्ही फुकट मिळतं. झिंक सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. ओआरएसची पुडी मात्र वाचून घ्या. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवलेली मी स्वतः पाहिली आहे. ते मीठ लेकराच्या डोक्यात जातं, अक्षरशः, झटके येतात.

आता ज्यांच्याबद्दल गावात कोणी बोलत नाही ते. स्टिरॉइड. सर्दी असो, ताप असो, बेटामेथासोन किंवा डेक्सामेथासोनचे थेंब नाहीतर इंजेक्शन. लेकरू संध्याकाळपर्यंत टवटवीत, भूक वाढते, आणि मग डॉक्टरांचा 'हातगुण' सगळ्या गावात होतो. पुढच्या वेळी बाया माझ्याकडे तीच बाटली मागायला येतात: 'मागं त्याच बाटलीनं लेकराले फरक पडला होता भाऊ, तेच द्या ना.' स्टिरॉइड वाईट नाही. दम्यात, स्वरयंत्र सुजलं तर ते जीव वाचवतं. पण साध्या सर्दीत वारंवार घेतलं तर प्रतिकारशक्ती दबते, वाढ खुंटते. आणि कुणाला ते आठवडेच्या आठवडे चालू असेल तर हे वाचून एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायचं असतं. गजकर्णाच्या तीन-चार औषधं एकत्र असलेल्या ट्यूबमध्येही कडक स्टिरॉइड असतं, ती बाळाच्या लंगोटाच्या जागी लावू नका.

बाकीची पटापट: तापात ॲस्पिरिन असलेली डोकेदुखीची गोळी मुलांना नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध बारा वर्षांखाली नाही. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन इतक्या भराभर बनतं की श्वास थांबतो. आयबुप्रोफेन आणि मेफेनामिक ॲसिड डेंग्यूच्या दिवसांत स्वतःहून देऊ नका, रक्तस्राव वाढतो, आणि लेकरू जुलाबानं सुकलेलं असेल तर मूत्रपिंडावर ताण येतो.

काही औषधांबद्दल मला 'नाही' असं सरसकट म्हणता येत नाही. उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. आठ वर्षांखाली दातांवर डाग पडतात म्हणून टेट्रासायक्लिन गट टाळायचा, हे आम्ही पहिल्या वर्षाला पाठ केलं. पण २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप, पसरला, आणि त्या तापावर चार वर्षांच्या मुलालाही डॉक्सिसायक्लिनच लागतं, थोड्या दिवसांच्या कोर्सनं दात खराब होण्याची भीती जवळपास नाही. तेव्हा एका वडिलांनी इंटरनेटवरची यादी दाखवून ते औषध घ्यायला नकार दिला होता. समजावता समजावता अर्धा तास गेला. फडताळावरच्या यादीला मी का भितो ते यातूनही कळेल.

तसंच आपल्या भागातलं रक्त. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार, विदर्भात भरपूर आहे. सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस वाट बघायची नसते, त्याच दिवशी दवाखाना. त्याचं रोजचं पेनिसिलिन किंवा हायड्रॉक्सियुरिया 'एवढ्याशा पोराला रोज गोळ्या कशाला' म्हणून बंद करणं हा उलटा धोका. आणि जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर कमी असलेली मुलं असतात, त्यांना मलेरियावरच्या प्रायमाक्विननं रक्त फुटून कावीळ होते. अशा बाळांना तर ट्रंकेत डांबरगोळ्यांमध्ये ठेवलेली दुलई तशीच पांघरली तरी त्रास होतो. घरात कुणाला असं निघालं असेल तर प्रत्येक वेळी, प्रत्येक डॉक्टरला, न विचारता सांगा.

मुलांचंच एवढं का, असं तुम्ही विचारलंत. लेकरू म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नाही. तान्ह्याचं यकृत औषध मोडायला अजून शिकतंय, मूत्रपिंड ते बाहेर टाकायला शिकतंय. म्हणून मोठ्याची गोळी अर्धी केली की पोराची होते, हे गणित चुकतं. वजन लागतं, आणि वय लागतं, आणि आजारपण कुठलं तेही लागतं.

पण हे फक्त शिकलेल्यांचं काम आहे असं समजू नका. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना तयार केलं. त्या झोळीच्या काट्यावर नवजात बाळाचं वजन करायच्या आणि गरज पडली तर ठरलेल्या मापानं जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनही द्यायच्या. ३९ गावांतल्या त्या कामाचा निकाल १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, बालमृत्यू किती घटले ते जगानं वाचलं. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो काटा. औषध द्यायच्या आधी वजन.

तुमच्या घरी काटा नसला तरी अंगणवाडीताईंकडे आहे. दर महिन्याचं वजन फडताळाला लावायच्या त्याच कागदावर लिहा. मापासाठी स्वयंपाकघरातला चमचा नको. मी एकदा केंद्रात बायांना घरचे चमचे आणायला सांगितले आणि सिरिंजनं पाणी भरून मोजलं. कुणाच्यात ३ मिली मावलं, कुणाच्यात ८, आणि सगळ्या त्याला 'एक चमचा'च म्हणत होत्या. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज कुठल्याही मेडिकलवर पाच-दहा रुपयांत मिळते. तुमच्या बाटलीसाठी ३ मिलीवर नेलपॉलिशनं रेघ ओढून ठेवा. बाटली बदलली तर रेघ बदला, कारण तेच औषध १२० चंही येतं, २५० चंही, आणि तान्ह्यांचे थेंब तर एका मिलीतच १०० मिलिग्रॅम. थेंबांची बाटली सिरप समजून चमच्यानं पाजली की काय होतं, हिशेब तुम्हीच करा.

दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. ताप १०० आहे आणि पोर खेळतंय, तर औषध नाही दिलं तरी चालतं. ताप हा आजाराशी लढतानाचा घाम आहे, तो शून्यावर आणायचा हट्ट नको.

मेडिकलवर किंवा डॉक्टरांसमोर दोनच गोष्टी विचारा: यात काय-काय आहे, आणि माझ्या ११ किलोच्या मुलाला किती मिली? इंजेक्शन टोचण्याआधीही हेच विचारा आणि नाव चिठ्ठीवर लिहून मागा. राग आला तर येऊ द्या. पाच बाटल्या दिल्या तर पाचही बाटल्यांचं मागचं लेबल वाचा, एकच नाव दोनदा दिसलं की थांबा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, उरलेल्या बाटल्यांचं काय करू? कोरड्या पावडरीत पाणी घालून केलेलं अँटिबायोटिक लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर ठेवायचं नाही, 'पुढच्या वेळी कामी येईल' म्हणून तर नाहीच. फ्रिज नसेल आणि लेबल थंड ठेवा म्हणत असेल तर झाकणाच्या डब्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत. उरलेलं औषध राखेत किंवा मातीत कालवून, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. आणि बाटलीचं मापाचं झाकण मात्र तोडून फेका. आमच्याकडे एका घरी तेच झाकण फवारणीच्या औषधाचं माप म्हणून पंपाला लटकवलेलं होतं, आणि ताप आला तेव्हा धुऊन परत सिरपच्या बाटलीवर बसवलं गेलं.